आधी पेन्सिल, मग शाई

"नाव सांग, गाव सांग आणि तो क्यूब जरा उचलून दाखव."

बाकीच्या अकरा जणांना सरांनी फक्त नाव-गाव विचारलं होतं. उचलायला फक्त मला सांगितलं.

जागा नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची काँक्रीट लॅब. नव्वदीचं दशक संपत आलेलं. स्थापत्य शाखेच्या एम.ई.ला आम्ही बारा जण नवे, नव्या शर्टांच्या घड्यांसकट रांगेत उभे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. शिडशिडीत, गोरे, आवाज असा की ऐकताना श्रीखंड खाल्ल्यासारखं वाटावं. क्यूब म्हणजे काँक्रीटचा सहा इंची चौकोनी ठोकळा. वजन आठ किलोच्या वर.

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. पेठ तालुक्यातला आमचा पाडा कुणालाच माहीत नव्हता. "अच्छा, तिकडचा. म्हणजे राखीव जागेवरचा," सर म्हणाले. मी मान हलवली आणि क्यूब उचलला. एकाच हातानं. दुसऱ्या हातात सर्टिफिकेटांची फाइल होती आणि ती खाली ठेवायला मला घाबरून सुचलंच नाही.

"बघा," सर बाकीच्यांना म्हणाले, "निसर्ग प्रत्येकाला काही ना काही देतो. यांच्या लोकांना पाठ दिलीय. चला, लॅबला हमाल मिळाला."

सगळे हसले.

मीपण हसलो. सगळ्यात मोठ्यानं हसलो. एवढंच करून थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी क्यूब खांद्यावर घेतला, कंबर वाकवली आणि स्टेशनवरच्या हमालासारखं "बाजू, बाजू" करत रांगेपुढून एक फेरी मारली. टाळ्या पडल्या. सरांनी स्वतः माझ्या पाठीवर थाप मारली. एम.ई.चा माझा पहिला दिवस असा गाजला.

आज पन्नाशीला आलोय. चार माणसं जमली की मी नकला करतो, आवाज काढतो, गोष्टी रंगवतो. लोक म्हणतात, काय धीट माणूस आहे. त्यांना कोण सांगणार की ही कला भीतीनं शिकवली. ससा घाबरला की पळतो. मी घाबरलो की नकला करायचो. समोरचा हसत असेल तर मारणार नाही, असं माझं गणित होतं. वसतिगृहात, मेसमध्ये, बसच्या रांगेत, सगळीकडे ते बरोबर सुटायचं. लॅबमध्ये मात्र त्याचं उत्तर वेगळं आलं. समोरचा हसत हसत मारायला लागला.

मला "हमालसाहेब" नाव पडलं. कुणाचेही क्यूब आले की हाक यायची. पाण्याच्या टाकीतून काढायचे, पुसायचे, वजन करायचं, मशीनवर ठेवायचे. मशीनची चाकं फिरवायची नाहीत. ते काम बाकीच्यांचं. "नाजूक यंत्र आहे," सर म्हणायचे. मशीन होतं कसलं, हत्तीएवढं लोखंडाचं धूड. दोनशे वर्षं जुनं वाटायचं. ते नाजूक, आणि माझी कंबर मजबूत.

दुसऱ्या वर्षी ती बंदी उठली. बाकीच्यांना आपापल्या प्रबंधांची घाई झाली, मशीनपाशी उभं राहायला कुणी उरेना, मग सरांना मीही चालायला लागलो. प्रबंध माझाही होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये मिसळून काँक्रीट करायचं, आणि अठ्ठावीस, छप्पन आणि नव्वद दिवसांनी ते किती दाब सोसतं ते पाहायचं. गाईड सरच. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध नाही, प्रबंधाशिवाय पदवी नाही. जूनमध्ये द्यायचा होता. त्या पदवीसाठी माझी आई दर उन्हाळ्यात दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाकत होती. तेव्हा सरांची सही ही माझ्या घरातल्या सगळ्यांची होती, फक्त करायची सरांनी.

आता रजिस्टरची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं.

बाहेरचे ठेकेदार आमच्या लॅबमध्ये क्यूब तपासायला आणत. बांधकामावर स्लॅब ओतताना त्याच मालातून तीन क्यूब भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये फोडायचे, असा नियम. चारशे पन्नास किलोन्यूटनच्या पुढे जाऊन फुटला तर स्लॅब पास. त्याआधीच फुटला तर नापास. इतकं सोपं. फुटला की आकडा रजिस्टरात लिहायचा. पण लिहायचा पेन्सिलीनं. हा आमच्या लॅबचा रिवाज. सर येऊन आकडा बघणार, मग त्यावर शाई फिरणार. रंगनाथमामा, आमचे लॅब अटेंडंट, रजिस्टरासोबत दोऱ्यानं बांधलेलं खोडरबर ठेवायचे. मी पहिल्यांदा विचारलं, "मामा, हे कशाला?" मामा म्हणाले, "देवाच्या पाया पडताना चपला का काढतो? तसंच. विचारायचं नसतं."

खरं तर खोडरबर फारसं लागायचं नाही. ठेकेदार शहाणे होते. स्लॅबचा माल वेगळा, क्यूबचा माल वेगळा. क्यूबसाठी सिमेंट सढळ हातानं घालून खास ठोकळे करून आणायचे. ते फोडताना आमचं मशीन कण्हायचं. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी त्याचीही नक्कल करायचो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी तीन क्यूब आले. चिठ्ठीवर आमच्याच तालुक्यातल्या आश्रमशाळेचं नाव. मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब. माझी धाकटी बहीण हिरा त्याच शाळेत सातवीत होती. पत्र्याच्या शेडमध्ये झोपायच्या सगळ्या पोरी, आणि जूनमध्ये शाळा उघडली की नव्या इमारतीत जाणार म्हणून नाचत होत्या.

पहिला क्यूब ठेवला. दाब द्यायला लागलो. काटा शंभरवर गेला, दीडशेवर, दोनशेवर. दोनशे दहाला क्यूबनं आवाजसुद्धा केला नाही. भिजलेल्या बिस्किटासारखा बसला. दुसरा, एकशे पंच्याण्णव. तिसरा, दोनशे पंचवीस.

मला वाटलं मशीन बिघडलं. मामांनी त्यात दुसऱ्याच एका कामाचा क्यूब ठेवून पाहिला. तो पाचशेच्या पुढे गेला. मशीन ठणठणीत होतं.

मी पेन्सिलीनं लिहिलं. दोनशे दहा, एकशे पंच्याण्णव, दोनशे पंचवीस. सर आले, चष्मा वर केला, बघितलं. एक भुवईही हलली नाही.

"क्यूब नीट भरलेले नाहीत," ते म्हणाले. "स्लॅब चांगलाच असणार. या ठेकेदारांना मी पंधरा वर्षं ओळखतो. सोमवारी चारशे साठ, चारशे सत्तर, चारशे पंचावन्न करून टाक. शाईनं. खाली चाचणी घेणारा म्हणून तुझी सही."

"माझी?"

"मग कुणाची? चाचणी घेतली कुणी?" सर हसले. "अभिनंदन. हमालसाहेबांना बढती."

मामा हसले. मी खांद्यावर काल्पनिक क्यूब घेतला आणि "बाजू, बाजू" म्हणालो. खोटं कशाला सांगू? त्या शनिवारी मी तेवढंच केलं. आणि स्वतःला पटवलंही, की सर म्हणतात ते खरं असेल. क्यूब नीट भरले नसतील. असं होतं कधीकधी.

रविवारी मी दिंडोरीला आईकडे गेलो. एप्रिलची छाटणी चालू होती. आमच्या पाड्यावरच्या बायका बागेच्या कडेला ताडपत्रीखाली राहत. आई वेलीखालून वाकून बाहेर आली, डोक्यावर पदर, हातात कात्री. मला भाकरी वाढली आणि विचारायला लागली. ती दर वेळी विचारायची, कालिजात काय करतोस, आणि मी दर वेळी मोठमोठे शब्द सांगायचो. त्या दिवशी थकलो होतो. म्हणालो, "क्यूब उचलतो."

"उचलतोस? मजुरी किती देतात?"

"काही नाही."

आई शेजारच्या मावशीकडे वळली. "ऐकलं का गं? अठरा वर्षं शिकला आन फुकट वझं उचलतो. आपुन बरे, सांच्याला हातात काय तरी पडतं."

दोघी खोखो हसल्या. मी पण. मग मी सहज म्हणालो, की काल आपल्या शाळेच्या स्लॅबचे क्यूब फोडले, ते अगदीच फुसके निघाले. भरणारा कुणीतरी अडाणी असणार.

आईचं हसणं थांबलं.

"लोखंडाचे डबे? चौकोनी? तीन?"

"हो."

"ते मी भरले."

हातातली भाकरी मी परत ताटात ठेवली.

आई शांतपणे सांगत होती. मार्चअखेर स्लॅब ओतला तेव्हा पाड्यावरच्या दहा बायका तिथं घमेली वाहायला होत्या. मुकादमाला जेवायला जायची घाई होती. तो आईला म्हणाला, हे तीन डबे भरून ठेव. तिनं भरले. कसला वेगळा माल आणि काय, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. डोक्यावरच्या घमेल्यात स्लॅबचा माल होता. तोच ओतला. संध्याकाळी मुकादमानं खिळ्यानं वरती खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी डब्यांतून काढून न बघता पाण्यात टाकले.

"माल कसा होता?" मी विचारलं.

"पानी रं सगळं. घमेल्यातनं गळून अंगावर यायचा. लुगडं धुवायला लागलं नाय, झटकलं की निघालं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मी म्हनलं पन मुकादमाला, दादा, सिमिट कवा टाकणार? तो म्हनाला, म्हातारे, तुला इंजिनेर केला का सरकारनं?"

शहाण्या ठेकेदाराच्या पंधरा वर्षांत एकदाच खरे क्यूब लॅबमध्ये आले होते. कारण ते भरणाऱ्या बाईला खोटे कसे भरतात तेच माहीत नव्हतं.

मी जेवलो नाही. आईनं विचारलं, "हिरीच्या डोक्यावर पडंल का रं ते?"

मी एम.ई. स्ट्रक्चर्स, दुसरं वर्ष. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं उत्तर येत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

सोमवार. लॅबमध्ये रजिस्टर उघडं. मामा टाकीपाशी. माझ्या खिशात शाईचं पेन. तुम्हाला वाटेल माझ्यात काही वीज संचारली होती. छे. मी आधी स्टुलावर बसून घेतलं. डोक्यात एकच धून, सही, जून, पदवी, सही, जून, पदवी. माझ्या अंगातला नकलाकार मला सांगत होता, अरे लिही चारशे साठ, वर एक विनोद मार आणि चहाला जा. तीन आकडे तर आहेत.

मी पेनाचं टोपण काढलं आणि पेन्सिलीच्या आकड्यांवरून शाई फिरवली. दोनशे दहा. एकशे पंच्याण्णव. दोनशे पंचवीस. शेवटचा पाच सहासारखा उमटला. म्हणून पुढे अक्षरी लिहिलं. खाली पूर्ण सही केली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पाडा, तालुका.

मामांनी मागून बघितलं. "अरे पोरा," ते एवढंच म्हणाले, आणि खोडरबर हातात घेऊन उभे राहिले. बिचारे शाईवर खोडरबर घासतील की काय असं मला वाटलं.

अकराच्या सुमाराला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिथंच मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

"चहा घेणार?"

"नाही सर."

"अरे, चूक होते माणसाकडून. रजिस्टरचं पान बदलता येतं. नवीन पान लिही."

"लिहितो सर. पण खाली लिहीन की आधीचं पान फाडलंय."

मला विनोद करायचा नव्हता. पण घाबरलो की तोंडातून असंच काहीतरी निघतं. सर हसले नाहीत. मग मी एकदम बोलून गेलो, "सर, ते क्यूब माझ्या आईनं भरलेत. तिथं मजुरीला होती ती."

सरांचा चेहरा खुलला. सुटका झाल्यासारखा.

"मग झालं तर! मी काय म्हणत होतो? क्यूब भरणं हे शास्त्र आहे. तीन थर, दर थराला पस्तीस ठोके. तुझी आई अंगठाबहाद्दर बाई. तिनं भरलेल्या क्यूबवरून आपण एवढी इमारत नापास करायची?"

"स्लॅबपण तिनंच भरलाय सर."



हे वाक्य मी ठरवून म्हणालो नव्हतो. पण म्हणालो, आणि त्यात नक्कल नव्हती, आवाज बदललेला नव्हता, मान वाकवलेली नव्हती. माझा आवाज असा आहे हे मला तेव्हाच कळलं. जरा चिरका आहे.

सर उठून खिडकीशी गेले. आवाजातलं श्रीखंड अजून तसंच. "तुझी राखेवरची कामं छान चालली होती. नव्वद दिवसांचे क्यूब टाकीत आहेत ना? किती दिवस झाले?"

"एकोणसत्तर."

"हं. जपून राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमागच्या राडारोड्यावर माझे अठरा क्यूब पडले होते. उन्हात कोरडे, कडा फुटलेले. मी हातानं भरलेले, हातानं घासलेले. एकोणसत्तर दिवस पाण्यात सांभाळलेले. टाकी साफ करायची होती, असं सांगण्यात आलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते मामांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझे बॅचमेट टाकीभोवती उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "हमालसाहेब, उचला आता."

कुणीतरी खुसखुसलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आता हा काहीतरी करेल, कंबर वाकवेल, फेरी मारेल.

मी काही केलं नाही. नुसता उभा राहिलो, त्या मुलाकडे बघत.  त्याचं हसू हळूहळू उतरलं. मग त्यानं नजर वळवली. मी माणसांना हसवू शकतो हे मला ठाऊक होतं. हसणं थांबवताही येतं, हे त्या सकाळी शिकलो.

त्याच दुपारी दिंडोरीची गाडी पकडली. स्लॅबबद्दल सरकारी कार्यालयात अर्ज करायचं ठरवलं होतं, पण आधी आईला विचारणं भाग होतं. अर्जात तिचं नाव घातलं तर तो ठेकेदार तिला परत कामाला घेणार नव्हता. त्याचा मुकादम बागेच्या कामांनाही माणसं पुरवायचा, म्हणजे तेही गेलं असतं.

"घालू का नाव?" मी म्हणालो.

"माझी पोरगी निजणारे त्याच्याखाली," ती म्हणाली. "घाल. आन ठळक लिव."

दोन अर्ज लिहिले. एक प्राचार्यांना, गाईड बदलून द्या म्हणून. त्यात हे स्पष्ट लिहिलं की यंदा प्रबंध देत नाही, सगळे क्यूब पुन्हा भरणार, नव्वद दिवस पुन्हा मोजणार. दुसरा अर्ज शाळा बांधणाऱ्या सरकारी कार्यालयाला. तीन आकडे, सोमवारीच काढून ठेवलेली रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स, माझी सही, आईचा अंगठा, आणि एक मागणी. स्लॅबला भोक पाडून माल काढून तपासा, तोवर एकाही मुलीला आत झोपवू नका.

लोक मला विचारतात, मग पुढे काय झालं? सरांना शिक्षा झाली का? मी सांगत नाही. गोड शेवट ऐकून माणसं निवांत झोपायला जातात, आणि मला कुणाला झोपवायचं नाहीये. त्या दिवशी पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. तेवढंच सांगतो.

सरकारी कार्यालयात आवक खिडकीवर एक वयस्कर कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला. अर्ध्यावर येऊन चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग खिडकीतून इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "या ठेकेदाराला ओळखतोस का तू?"

"नाही."

"मी ओळखतो. घेऊन जा हा कागद. शिकतोयस अजून. पदवी घे, नोकरीला लाग, मग कर काय करायचं ते. एकदा आवक नंबर पडला की हे मागे घेता येत नाही."

"म्हणूनच आलोय."

"भीती नाही वाटत तुला?"

खिडकीच्या गजाला धरलेले माझे दोन्ही हात थरथरत होते. ते त्यांना दिसत होते. मी लपवले नाहीत.

"लय वाटते साहेब," मी म्हणालो. "शिक्का मारा."